उभ्या हवेचा हिशेब

२३ मार्च १८७५ च्या संध्याकाळी पॅरिसमधून ‘झेनिथ’ नावाचा बलून वर चढला. टोपलीत पाच माणसं होती. रात्र आणि दुसरा दिवस मिळून सुमारे तेवीस तास तरंगल्यावर तो फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ, आर्काशोंच्या परिसरात उतरला. वायुदाबमापक, तापमापक अशा नेहमीच्या उपकरणांबरोबर त्या टोपलीत पोटॅशच्या नळ्याही होत्या. पोटॅश हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. ठरावीक आकारमानाची हवा त्या नळ्यांतून ओढायची आणि जमिनीवर परतल्यावर पोटॅशने किती वायू धरून ठेवला ते मोजायचं, असा गास्तों तिसांदिए यांचा बेत होता. तो पार पडला आणि त्याचा अहवाल त्याच वर्षी फ्रेंच विज्ञान अकादमीच्या इतिवृत्तात छापून आला.

तीन आठवड्यांनी, १५ एप्रिलला, तोच बलून आणखी उंच जाण्यासाठी निघाला. या वेळी तिघेच होते : तिसांदिए, सिव्हेल आणि क्रोचे-स्पिनेली. आठ हजार मीटरच्या वर गेल्यावर हवा इतकी विरळ झाली की, सोबत घेतलेल्या प्राणवायूच्या पिशव्यांपर्यंत हात नेण्याचंही बळ उरलं नाही. तिघंही शुद्ध हरपून पडले. बलून खाली आला तेव्हा एकटे तिसांदिए जिवंत होते, आणि त्यांची श्रवणशक्ती अधू झाली होती.

आपल्या डोक्यावरच्या हवेत काय आहे, हे जाणून घेण्यासाठी माणसांनी ही किंमत मोजली आहे. आज त्याच कामासाठी माणसाला वर जावं लागत नाही. एक रबरी फुगा, खाली टांगलेली काही किलो वजनाची पेटी, एक पॅराशूट आणि जमिनीवरून पाठलाग करणाऱ्या दोन-तीन गाड्या पुरतात. प्रश्न मात्र तिसांदिए यांच्या काळात होता त्यापेक्षा कितीतरी पटींनी निकडीचा झाला आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तो कुठून किती येतो आणि कुठे किती मुरतो, हे समजून घ्यायचं तर जमिनीवर उभं राहून भागत नाही. तो हिशेब उभा मांडावा लागतो.

उंचीचा प्रश्न का पडला?

तिसांदिए यांच्याही आधी, १६ सप्टेंबर १८०४ रोजी, जोसेफ लुई गे-ल्युसॅक हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एकटेच बलूनमधून सुमारे सात हजार मीटर उंच गेले होते. वरची हवा त्यांनी काचेच्या भांड्यांत भरून आणली आणि तपासली. प्राणवायूचं प्रमाण पॅरिसच्या रस्त्यावरच्या हवेत होतं तेवढंच निघालं. हवा विरळ होते, पण तिचं मिश्रण बदलत नाही, हा निष्कर्ष नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापुरता अगदी बरोबर आहे.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट निराळी आहे. तो हवेत फार थोडा असतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे सुमारे २८० रेणू होते. या प्रमाणाला पीपीएम म्हणतात. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर मोजमाप सुरू केलं, तेव्हा आकडा ३१३ होता. २०२४ ची तिथली वार्षिक सरासरी ४२४ च्या वर गेली. कीलिंग यांनी समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीची जागा निवडली, त्यामागे कारण होतं. जमिनीलगत हा आकडा स्थिर राहतच नाही. रात्री झाडं आणि माती श्वसन करतात, हवेचा थर थंड होऊन खाली बसतो आणि आकडा चढतो. दिवसा पानं वायू ओढून घेतात, ऊन तापतं, हवा घुसळली जाऊन वर जाते आणि आकडा उतरतो. शहरात रहदारीच्या तासाला एक आकडा, तर दुपारी दुसरा.

म्हणजे जमिनीवर मोजलेल्या आकड्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात : खालून किती वायू सुटला किंवा शोषला गेला, आणि तो किती उंचीपर्यंत मिसळला. तोच धूर पाचशे मीटरच्या थरात कोंडला तर आकडा मोठा दिसतो, दोन हजार मीटरपर्यंत पसरला तर लहान. उंची माहीत नसेल तर धुराचा अंदाज चुकतो.

ही चूक किती महागात पडते, ते २००७ मध्ये दिसलं. ब्रिटन स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या बारा ठिकाणी विमानांतून वेगवेगळ्या उंचीवर घेतलेल्या हवेच्या नमुन्यांची तुलना त्या वेळच्या प्रमुख संगणकीय प्रारूपांशी केली. बहुतेक प्रारूपं हवेची उभी घुसळण चुकीची धरत होती. त्यामुळे उत्तर गोलार्धातली जंगलं फार मोठ्या प्रमाणावर कार्बन शोषतात आणि उष्ण कटिबंधातली जमीन फार मोठ्या प्रमाणावर तो सोडते, असं चित्र तयार झालं होतं. उभ्या नोंदींशी जुळणारी जी थोडी प्रारूपं होती, ती उलट सांगत होती : उत्तरेकडचं शोषण समजलं जात होतं त्यापेक्षा कमी, आणि उष्ण कटिबंधातल्या जंगलांचं त्यापेक्षा जास्त. कोणता देश किती कार्बन पोटात घेतो या वादाची दिशा, काही किलोमीटर वरची हवा मोजल्यामुळे बदलली.

हवेतल्या एका पीपीएमचं वजन समजलं की अचूक मोजमापाचं मोल कळतं. संपूर्ण वातावरणात १ पीपीएम वाढ म्हणजे २१३ कोटी टन कार्बन. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत तेच ७८० कोटी टन. म्हणून या क्षेत्रात उत्तर गोलार्धातल्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ०.१ पीपीएमच्या आत जुळले पाहिजेत, असं लक्ष्य जागतिक हवामान संघटनेने ठेवलं आहे.

वरची हवा खाली आणायची कशी?

विमानं साधारण दहा-बारा किलोमीटरपर्यंत जातात. त्यावरची हवा आणायला बहुधा फुगाच लागतो. अडचण अशी की तिथे हवाच फार थोडी असते. साडेपाच किलोमीटरवर दाब जमिनीच्या निम्मा होतो, सोळा किलोमीटरवर एक दशांश, आणि तीस किलोमीटरवर जेमतेम एक शतांश. रिकामी बाटली तीस किलोमीटरवर उघडून बंद केली, तर तिच्यात तपासण्याइतकीही हवा मिळायची नाही.

यावर शास्त्रज्ञांनी थंडीचा उपाय काढला. पोलादी नळकांडी द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवायची. निऑनचं तापमान उणे २४६ अंश सेल्सिअस. इतक्या थंडीत नायट्रोजन आणि ऑक्सिजनही गोठतात. झडप उघडली की बाहेरची विरळ हवा आत शिरते आणि भिंतीवर बर्फासारखी गोठून बसते. आत पोकळी कायम राहते, त्यामुळे हवा येतच राहते. थोड्या वेळाने झडप बंद करायची आणि पुढच्या उंचीवर पुढचं नळकांडं उघडायचं. खाली आल्यावर नळकांडं सामान्य तापमानाला आलं की आत चांगल्या दाबाची भरपूर हवा मिळते. जर्मनीत माक्स प्लांक संस्थेच्या लिंडाऊ केंद्राने आणि जपानमध्ये तोहोकू विद्यापीठाने ही पद्धत वर्षानुवर्षं वापरली. जपानी गटाने निऑनऐवजी द्रवरूप हेलियम घेतला.

या इतिहासात भारताचंही ठसठशीत पान आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या प्रेरणेने वैश्विक किरणांसाठी बलूनचं काम सुरू झालं. हैदराबाद चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्याने अशा प्रयोगांना ते सोयीचं होतं. तिथे संस्थेचं कायमचं बलून केंद्र उभं राहिलं, आणि पातळ पॉलिथिनचे प्रचंड बलून संस्था स्वतः तयार करू लागली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले बी. एच. सुब्बराया, श्याम लाल आणि त्यांचे सहकारी यांनी लिंडाऊच्या गटाबरोबर हेच थंड नळकांड्यांचं यंत्र १९८७ आणि १९९० मध्ये हैदराबादहून उडवलं. उष्ण कटिबंधाच्या स्थितांबरातल्या, म्हणजे ढग-पाऊस घडतात त्या थराच्या वरच्या हवेतल्या, वायूंची प्रत्यक्ष नोंद त्या काळी जगात दुर्मीळ होती. ओझोनचा थर विरत असल्याची चिंता तेव्हा शिगेला होती आणि क्लोरोफ्लुरोकार्बन किती उंच पोचतात हा मुख्य प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधताना दख्खनच्या आकाशाने मोलाची साक्ष दिली.

पण ही पद्धत जड, खर्चिक आणि क्वचितच करता येण्याजोगी. शेकडो किलोंचं सामान, मोठा बलून, द्रवरूप वायूंची तयारी, आणि एवढं करून हाती येणार डझन-दीड डझन नमुने.

नळीत साठलेलं आकाश

अमेरिकेतल्या बोल्डर शहरात राष्ट्रीय सागरी आणि वातावरणीय प्रशासनाची, म्हणजे नोआची, प्रयोगशाळा आहे. मौना लोआचे आकडे ज्या जागतिक मोजपट्टीवर आधारलेले आहेत, ती सांभाळणारी हीच संस्था. तिथले शास्त्रज्ञ पीटर टान्स यांना एक विलक्षण साधी कल्पना सुचली. तिचं नाव एअरकोर. अ‍ॅना कॅरियन, कोलम स्वीनी, टिम न्यूबर्गर आणि टान्स यांनी २०१० मध्ये तिचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं.

स्टेनलेस स्टीलची बारीक नळी घ्यायची. पहिल्या यंत्रात ती सुमारे दीडशे मीटर लांब आणि बाहेरून सव्वासहा मिलिमीटर जाड होती. तिची गुंडाळी करून पेटीत बसवायची. एक टोक कायमचं बंद, दुसरं उघडं. जमिनीवर तिच्यात प्रमाण ठाऊक असलेला वायू भरायचा आणि फुग्याखाली टांगून सोडून द्यायची. फुगा सेकंदाला पाचेक मीटर वेगाने चढतो. बाहेरचा दाब कमी होत जातो, तसा नळीतला वायू उघड्या टोकाने आपोआप बाहेर पडत राहतो. तीस किलोमीटरवर नळी जवळजवळ रिकामी झालेली असते. मग फुगा फुटतो. पॅराशूट उघडतं. पेटी खाली येऊ लागते, बाहेरचा दाब वाढू लागतो आणि हवा नळीत शिरू लागते. सर्वांत आधी शिरते ती स्थितांबराची हवा. ती बंद टोकाकडे ढकलली जाते. तिच्यामागे दहा किलोमीटरची, मग पाच किलोमीटरची, शेवटी जमिनीजवळची. पेटी जमिनीला लागताच झडप बंद होते. पंप नाही, द्रवरूप निऑन नाही. उघड्या तोंडाशी ओलावा टिपणारं रसायन असतं, मॅग्नेशियम परक्लोरेट. हवा आत भरण्याचं काम वायुदाबच करतो.

यातली सुंदर गोष्ट अशी की नळीत हवा उंचीच्या नाही, दाबाच्या प्रमाणात भरते. दीडशे मीटरच्या नळीतला अर्धा भाग साडेपाच किलोमीटरच्या खालच्या हवेने व्यापलेला असतो, कारण वातावरणाचं निम्मं वस्तुमान तिथेच आहे. सोळा किलोमीटरच्या वरच्या साऱ्या आकाशाच्या वाट्याला जेमतेम पंधरा मीटर येतात. म्हणजे या नळीची सरासरी ही हवेच्या संपूर्ण स्तंभाची सरासरी असते. हा मुद्दा पुढे उपग्रहांच्या संदर्भात कामाला येतो.

पण आत शिरलेली हवा आपापल्या जागी थांबून राहील का? रेणू स्थिर बसत नाहीत, ते इकडेतिकडे सरकतात. बारीक नळीत ही सरमिसळ लांबीच्याच दिशेने होते आणि ती संथ असते. तीन तासांत साधारण अर्धा-पाऊण मीटर. दीडशे मीटरच्या नळीत एवढी सरमिसळ झाली तरी शंभरावर स्वतंत्र थर ओळखू येतात. मात्र घड्याळ चालू असतं. पेटी शेतात पडली, झाडात अडकली, खाजगी कुंपणाच्या आत गेली, तरी ती काही तासांत शोधून विश्लेषकापर्यंत पोचवावी लागते. म्हणून एअरकोरच्या उड्डाणाचं अर्धं यश रस्त्यावर ठरतं. वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटी कुठे पडेल ते आधीच काढलं जातं. शोधपथकाच्या गाड्या उड्डाणाआधीच त्या दिशेला निघतात आणि पेटीतून येणाऱ्या जीपीएसच्या संदेशावर नजर ठेवत रस्ते बदलत जातात. पेटी हाती आली की नळीतली हवा हळूहळू लेझरवर चालणाऱ्या विश्लेषकातून सोडतात. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे आकडे जमिनीपासून स्थितांबरापर्यंत ओळीने उमटत जातात.

आजवर कोलोराडो आणि ओक्लाहोमाच्या माळरानांवर, फ्रान्समधल्या त्रेनूला, उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या फिनलंडमधल्या सोदांक्युलाला अशी उड्डाणं झाली आहेत. जपानमध्ये नागोया विद्यापीठाच्या गटाने वेगळी वाट धरली. त्यांनी अवरक्त किरणांवर चालणारा छोटा संवेदक हवामानाच्या फुग्यावर बसवला, जो आकडे थेट रेडिओने खाली पाठवतो. वर जाताना थंडी आणि घटता दाब यांमुळे संवेदकाचा आकडा ढळतो. त्यावर त्यांचा उपाय असा की, प्रमाण ठाऊक असलेले दोन वायू पिशव्यांतून सोबतच पाठवायचे आणि उड्डाणभर थोड्या थोड्या वेळाने संवेदकाला त्यांची ओळख करून द्यायची. या पद्धतीने साधारण दहा किलोमीटरपर्यंतची नोंद मिळते आणि पेटी शोधण्याची घाई राहत नाही.

हवेचं वय

स्थितांबरातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड खालच्या हवेपेक्षा कमी असतो. याचं कारण रासायनिक नाही. तिथे त्याला खाणारं कोणी नाही. कारण एवढंच की ती हवा जुनी आहे. जमिनीजवळची हवा मुख्यतः विषुववृत्ताच्या आसपास, सोळा-सतरा किलोमीटरवरची तपस्तब्धी, म्हणजे स्थितांबराची खालची सीमा, ओलांडून स्थितांबरात चढते आणि तिथून अतिशय सावकाश ध्रुवांकडे सरकते. ॲलन ब्रूअर यांनी १९४९ मध्ये आणि गॉर्डन डॉब्सन यांनी १९५६ मध्ये हा प्रवास ओळखला. खाली दर वर्षी दोन-अडीच पीपीएम वाढ होते आहे. मग मध्य अक्षांशांवर पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या हवेत दहाएक पीपीएम कमी सापडले, तर ती हवा चार-पाच वर्षांपूर्वी जमिनीजवळून निघाली असा हिशेब लागतो. कार्बन डायऑक्साइडचा आकडा हा हवेच्या जन्मतारखेचा दाखला ठरतो.

हा दाखला हवामानबदलाच्या मुळाशी जातो. पृथ्वी तापली की स्थितांबरातलं हे चक्र वेगवान होईल, म्हणजे तिथली हवा तरुण होत जाईल, असं संगणकीय प्रारूपं सांगतात. जर्मनीतले आंद्रेआस एंगेल आणि सहकाऱ्यांनी १९७५ पासून तीस वर्षांत बलूनने आणलेले नमुने एकत्र मांडले आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : मोजमापातल्या अनिश्चिततेच्या मर्यादेत हवेचं वय बदललेलं दिसत नाही. पुढे एअरकोरच्या नमुन्यांनी ही मालिका लांबवली. प्रारूप आणि निरीक्षण यांतला हा भेद आजही संशोधनाचा जिवंत विषय आहे. ओझोनचा थर किती लवकर भरून येईल, याचं भाकीतही याच चक्राच्या वेगाशी बांधलेलं आहे.

उपग्रह असताना फुगा कशाला?

जपानचा गोसॅट जानेवारी २००९ मध्ये अवकाशात गेला. अमेरिकेचा पहिला ओसीओ त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रक्षेपणातच नष्ट झाला, आणि त्याच्या जागी जुलै २०१४ मध्ये ओसीओ-२ गेला. जमिनीवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशात कार्बन डायऑक्साइड कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश गिळतो, त्यावरून हे उपग्रह संपूर्ण स्तंभाची सरासरी काढतात. प्रगतिपुस्तकावर एकूण टक्के छापलेले असावेत, पण विषयवार गुण नसावेत, तशी ही सरासरी असते.

आकड्यांत बघू. समजा, एखाद्या औद्योगिक पट्ट्यावर जमिनीलगतच्या एक किलोमीटरमध्ये प्रमाण १० पीपीएमने वाढलं. त्या थरात हवेचं साधारण एक दशांश वस्तुमान असतं, म्हणून स्तंभाची सरासरी फक्त १ पीपीएमने वाढते. आता थंड प्रदेशात वातावरणाचा वरचा पाचवा हिस्सा स्थितांबरात असतो. तिथला प्रारूपाचा अंदाज ५ पीपीएमने चुकला, तर सरासरीतही १ पीपीएमचीच चूक होते. म्हणजे कारखान्यांचा धूर आणि पंधरा किलोमीटर वरचा अज्ञानाचा थर, दोन्हींचं माप सारखंच. फुग्याने वरचा थर प्रत्यक्ष मोजल्याशिवाय खालच्या धुरावर बोट ठेवता येत नाही. जमिनीवरून सूर्याकडे पाहून स्तंभ मोजणाऱ्या वर्णपटमापकांचं जागतिक जाळं आहे, त्याच्याशी उपग्रहांचे आकडे ताडून पाहतात. आणि त्या वर्णपटमापकांना प्रमाण मोजपट्टीशी जोडून देतात ती विमानं आणि एअरकोर. या साखळीचं शेवटचं टोक नळीतल्या खऱ्या हवेला बांधलेलं आहे.

आपलं आकाश

भारतात हे काम जमिनीवरून सुरू झालं आणि त्यात गोव्याचा वाटा पहिला आहे. काणकोण तालुक्यातल्या काबो दि रामाच्या समुद्रकड्यावर भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ यांनी १९९३ पासून काचेच्या फ्लास्कमध्ये हवा भरून तपासायला पाठवली. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात तिथे अरबी समुद्राची स्वच्छ हवा येते, हिवाळ्यात वारे फिरले की भारतीय भूमीवरून आलेली. एकाच कड्यावर दोन्ही मिळत असल्याने ती नोंद देशाच्या कार्बनच्या अभ्यासात आजही आधाराला घेतली जाते. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून सिंहगडावर मोजणी सुरू केली.

उभ्या नोंदीने आपल्याला काय दाखवता येतं, याचा सर्वांत बोलका पुरावा मात्र एका परदेशी विमान कंपनीच्या फेऱ्यांतून आला. जपान एअरलाइन्सच्या प्रवासी विमानांत २००५ पासून कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र बसवलेलं आहे. दिल्लीला उतरताना आणि तिथून उडताना मिळालेल्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जानेवारी ते मार्च या काळात दिल्लीसारख्या धुराच्या शहरावर दुपारी खालच्या थरात कार्बन डायऑक्साइड वरच्यापेक्षा कमी आढळत होता. कारण भोवतालच्या गंगेच्या मैदानातला गहू. रब्बीचं पीक वाढीला लागलेलं असताना महानगराचा धूर झाकला जाईल इतका कार्बन ते ओढून घेत होतं. केवळ जमिनीवरचा एक आकडा पाहून हे इतक्या स्पष्टपणे कळलं नसतं.

आपल्या पावसाळ्याचा प्रश्न तर अजून मोठा आहे. जून ते सप्टेंबरात देशातली जंगलं आणि खरीप पिकं सर्वांत जोमाने वाढतात. कार्बनच्या हिशेबातले हेच सर्वांत महत्त्वाचे महिने, आणि याच महिन्यांत आकाश ढगांनी भरलेलं असतं. उपग्रहाला ढगांपलीकडचं दिसत नाही. फुगा ढगांतून सरळ वर जातो. शिवाय मोसमी पावसाचे प्रचंड ढग खालची हवा अवघ्या काही तासांत दहा-पंधरा किलोमीटर वर नेतात, आणि दक्षिण आशियावरून ती जगाच्या वरच्या हवेत मिसळते. हा दरवाजा आपल्याच डोक्यावर उघडतो, पण तिथल्या कार्बन डायऑक्साइडची नियमित उभी नोंद अजून फार विरळ आहे.

यासाठी लागणारं पुष्कळसं आपल्याकडे आहे. हवामान खात्याचे फुगे मुंबई, नागपूर, पणजीसारख्या केंद्रांवरून पहाटे आणि संध्याकाळी वर जातात. ते तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात, कार्बन डायऑक्साइड नाही. हैदराबादला बलूनचं अर्धशतकाहून अधिक काळाचं कसब आहे. पुणे आणि अहमदाबादला वायूंचं विश्लेषण करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. दख्खनच्या पठारावर रस्त्यांचं जाळं असं आहे की पेटी काही तासांत शोधून आणणं शक्य आहे. उपग्रहाच्या खर्चापुढे असा उपक्रम अगदी लहान ठरेल. वर्षाच्या प्रत्येक महिन्यात, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला, दख्खनवरून एक एअरकोर वर जायला हवा आणि त्याचे आकडे सर्वांना खुले असायला हवेत. कार्बन बाजारात, वनांच्या श्रेयात आणि आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत उद्या आपल्या जमिनीने किती कार्बन शोषला हे विचारलं जाईल, तेव्हा दुसऱ्यांच्या विमानांनी मोजलेल्या हवेवर अवलंबून राहणं आपल्याला परवडणार नाही.

या कामात वाचकांचाही वाटा आहे. हैदराबादहून सोडलेल्या बलूनची उपकरणं वाऱ्याबरोबर वाहत अनेकदा महाराष्ट्राच्या तेलंगणलगतच्या जिल्ह्यांत उतरतात, आणि हवामानाच्या फुग्यांच्या पेट्या तर कुठेही पडतात. शेतात, माळावर, तळ्याकाठी पॅराशूट लावलेली पेटी दिसली तर ती उघडू नका, तोडू नका, तारा ओढू नका. तिच्यावर पत्ता किंवा फोन लिहिलेला असेल तर तिथे कळवा, नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा, आणि लवकर कळवा. त्या पेटीत तीस किलोमीटर उंचीची हवा असू शकते, आणि ती तपासण्यासाठी हातात काही तासच असतात.